जुन्या फोर-बाय-फोरचं गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल ऑइल स्वतः बदलताना

इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारी माणसंसुद्धा गाडीच्या पोटाखालच्या बाकीच्या तेलांकडे वर्षानुवर्षं बघत नाहीत. इंजिनाला डिपस्टिक असते, प्रेशर कमी झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. डिफरन्शिअलला, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या घराला, यातलं काहीच नसतं. आवाज यायला लागेपर्यंत आत काय चाललंय ते कळत नाही, आणि आवाज आला म्हणजे बेअरिंग किंवा गिअरचे दात गेलेलेच असतात. म्हणून तेल बदलायला बसाल तेव्हा एकाच वेळी दोन कामं करताय हे लक्षात ठेवा. एक, नवं तेल घालणं. दुसरं, बाहेर आलेलं जुनं तेल नीट बघणं. एरवी आत डोकावायची संधी मिळतच नाही, तरी हे दुसरं काम बहुतेक जण सोडून देतात.

मी हे गाडीखाली झोपून, चुका करत शिकलो. नव्या माणसाला त्या चुका कराव्या लागू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. लेखातली गाडी म्हणजे जुन्या पद्धतीची पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह (एरवी दोन चाकांवर, लागेल तेव्हाच चारही चाकांवर चालणारी): वेगळी ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), तिची वेगळी लिव्हर, पुढे-मागे डिफरन्शिअल. मॅन्युअल गिअरबॉक्स धरून चाललो आहे. ऑटोमॅटिकसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

१. आधी मोजा: तुमच्या गाडीत तेलाची घरं किती?

साधारणपणे चार: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शिअल, मागचं डिफरन्शिअल. चारही वेगळी, चौघांचं तेल वेगळं असू शकतं, आणि प्रत्येकाला भरायचा एक आणि काढायचा एक असे दोन प्लग. काही गाड्यांत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकच तेल वापरतात. काही जुन्या ॲक्सलना (डिफरन्शिअल पोटात असलेला, दोन चाकांमधला आडवा कणा) खाली काढायचा प्लगच नसतो. तिथे मागचं झाकण उघडावं लागतं. काही सॉलिड (एकसंध) ॲक्सलवर पुढच्या चाकांजवळच्या नकल्समध्येही, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या गोलाकार सांध्यांमध्येही, ग्रीस किंवा तेल असतं.

गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि त्यातली चित्रं बघून प्रत्यक्ष गाडीखाली जाऊन प्रत्येक प्लगवर खडूने खूण करा. हे सांगण्यामागे कारण आहे. गिअरबॉक्सच्या अंगावर प्लगसारखे दिसणारे आणखी काही नट असतात. त्यांतल्या काहींच्या मागे गिअर जागेवर पकडून ठेवणारी स्प्रिंग आणि छोटी गोळी असते. तो नट भरायचा प्लग समजून काढलात तर स्प्रिंग टुणकन बाहेर येते, गोळी कुठेतरी घरंगळते, आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. रिव्हर्स दिव्याचा स्विचही असाच फसवतो. त्याला वायर असते, एवढ्यावरून तो ओळखता येतो.

२. कोणत्या घरात कोणतं तेल

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, म्हणून या भागाला वेळ द्या.

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक दाटपणा: ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४० वगैरे. दुसरी एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) श्रेणी: जीएल-४ किंवा जीएल-५. आकडा मोठा म्हणजे तेल चांगलं, असं समजून सगळीकडे जीएल-५ घालणारे मी खूप पाहिले आहेत. प्रत्यक्षात या दोन श्रेणी वेगवेगळ्या कामांसाठी आहेत.

डिफरन्शिअलमधले गिअर बहुधा हायपॉइड असतात. त्यात पिनियनचा (फिरवणारा छोटा गिअर) अक्ष क्राउन व्हीलच्या (फिरणारा मोठा गिअर) मध्यापासून थोडा बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, घासत सरकतातही. एवढ्या दाबाखाली साधं तेल दातांच्या मधून पिळून बाहेर जातं. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जास्त प्रमाणात असतात. ती धातूवर एक पातळ थर धरतात आणि तेल सरलं तरी तो थर दात वाचवतो. गिअर ऑइलला येणारा तो उग्र, कपड्यांना दोन धुण्यांनीही न सोडणारा वास या गंधकाचाच.

मॅन्युअल गिअरबॉक्सची गरज वेगळी. तिथे पितळेच्या किंवा ब्राँझच्या सिंक्रो रिंगा असतात. गिअर टाकताना त्या रिंगेने गिअरच्या शंकूला घासून त्याचा वेग जुळवायचा असतो, म्हणजे थोडं घर्षण हवंच. जीएल-५ तिथे जास्त निसरडं ठरू शकतं, आणि त्यातली काही संयुगं पिवळ्या धातूला खातात. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च घाला. दोन्ही श्रेणींना चालतं असं लिहिलेली तेलंही मिळतात, पण निर्मात्याने गिअरबॉक्ससाठी योग्य असं स्पष्ट म्हटलेलं असावं.

माझी गाडी माझ्याकडे आली तेव्हा सकाळी थंड असताना दुसरा गिअर खर्रकन वाजायचा. आधी जिथे काम झालं होतं तिथे चारही घरांत एकाच पिंपातलं तेल भरलं होतं. गिअरबॉक्समध्ये योग्य श्रेणीचं तेल घातल्यावर काहीशे किलोमीटरांत तो आवाज बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. झिजलेली रिंग नव्या तेलाने भरून येत नाही.

दाटपणाबद्दल एक गैरसमज. गिअर ऑइलचा ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या ४० च्या दुप्पट दाट, असं नसतं. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. गरम असताना ९० ग्रेडचं गिअर ऑइल साधारण ४० किंवा ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. म्हणूनच काही जुन्या गिअरबॉक्सना निर्मात्यानेच इंजिन ऑइल सांगितलेलं असतं; ते वाचून दचकू नका.

ट्रान्सफर केस गिअरची असेल तर बहुतेकदा गिअर ऑइल, साखळीची असेल तर बऱ्याचदा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल). इथे अंदाज चालत नाही, मॅन्युअल बघायचंच. आणि मागच्या डिफरन्शिअलमध्ये क्लचवालं लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं गरगरू न देणारी रचना) असेल तर त्यासाठीचं खास तेल किंवा फ्रिक्शन मॉडिफायर लागतो. तो नसला की कमी वेगात वळताना मागून थरथर आणि कुरकुर जाणवते.

३. काय काय जमवायचं

तेल: गाडीनुसार गिअरबॉक्सला दोन ते चार लिटर, ट्रान्सफर केसला एक ते अडीच, मागच्या डिफरन्शिअलला दोन ते तीन, पुढच्याला एक ते दोन. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि प्रत्येकी अर्धा लिटर जास्त ठेवा.

प्रत्येक प्लगसाठी नवं वॉशर. ही तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वॉशर घट्ट करताना चपटी होऊनच सील धरतात, म्हणून एकदा वापरलेलं पुन्हा लावू नये. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतं. तिथे आट्यांना सीलंट लागतो.

गोटी पाने आणि ॲलन की, प्लगच्या नेमक्या मापाचे. सहा कोनी गोटी घ्या, बारा कोनी नको; बारा कोनी गंजलेल्या डोक्यावरून घसरते. स्क्रू पाना या कामाला पेटीतून बाहेरसुद्धा काढू नका. काही प्लगांना चौकोनी खाच असते, तिच्यात रॅचेटचं टोक थेट बसतं.

याशिवाय लांब दांडा, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पसरट घमेलं किंवा ट्रे, हातपंप किंवा लांब नळी लावलेलं नरसाळं, भरपूर चिंध्या, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. चष्मा टाळू नका. वर बघून काम करताना कोरड्या चिखलाचा खर थेट डोळ्यात येतो.

४. आदल्या दिवशी

सगळ्या प्लगांभोवतीचा चिखल आणि गंज ब्रशने घासून काढा. खाचेच्या प्लगांत माती दगडासारखी बसलेली असते. ती टोच्याने पूर्ण कोरून काढा, नाहीतर पाना अर्धाच आत जातो आणि खाचेचे कोपरे गोल होतात. मग स्प्रे मारून रात्रभर राहू द्या.

ब्रीदरही आजच बघा. ॲक्सलवर छोटी टोपी किंवा वर जाणारी नळी असते, तिच्यातून आतली हवा ये-जा करते. ती चिखलाने बुजली तर गरम झालेल्या हवेचा दाब सीलवर येतो आणि तेल गळायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे गरम ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. टोपी बोटाने फिरते-हलते का बघा, नळी असेल तर फुंकून बघा.

५. गाडी उभी करणं

सपाट जागा हवी. तेलाची पातळी भरायच्या भोकावरून ठरते, म्हणून गाडी एका बाजूला कलली की पातळी चुकली. जुन्या फोर-बाय-फोरचं एक सुख असं की खाली शिरायला जागा असते, त्यामुळे शक्य असेल तर जॅक लावूच नका. चारही चाकं जमिनीवर ठेवून काम करणं सगळ्यात सुरक्षित.

जॅक लावावाच लागला तर हे नीट समजून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर (डिफरन्शिअलकडे जाणारा फिरता दांडा) असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे ते मोकळं फिरतं, आणि शाफ्ट घट्ट पकडलेला असूनही जमिनीवरचं दुसरं चाक उलट दिशेने फिरून गाडी सरकू शकते. म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही काहीच धरलेलं नसतं. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक-स्टँड हवेतच.

काम सुरू करण्याआधी गाडी १५–२० मिनिटं चालवून आणा. कोमट तेल पटकन वाहतं आणि तळाशी बसलेला गाळही घेऊन येतं. पुढची हब्ज (चाकांच्या मध्यावरची जोडणी) मोकळी करता येणारी असतील तर मोकळ्या हबवर पुढचं डिफरन्शिअल फिरतच नाही. ती लॉक करून चालवा. एक्झॉस्टचा पाइप बहुधा गिअरबॉक्सच्या शेजारूनच जातो, तो भाजेल याचं भान ठेवा.

६. भरायचा प्लग आधी

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: भरायचा प्लग मोकळा झाल्याशिवाय खालच्या प्लगला हात लावायचा नाही.

पहिल्या वेळी मी खालचा प्लग आधी काढला. तेल सगळं घमेल्यात आलं, आणि मग वरचा प्लग काही केल्या सुटेना. पाना घसरला, डोकं गोल झालं, आणि गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने जागेवर उभी. ती चालवून कुठे नेताही येईना. शेवटी वेल्डर घरी आणून प्लगवर नट वेल्ड करून तो काढावा लागला.

प्लग अडला तर आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने जोर द्या. गंजाची पकड बऱ्याचदा तिथे तुटते. मग उलट. डोक्यावर हातोडीचे दोन-चार सरळ ठोके, पुन्हा स्प्रे, पुन्हा प्रयत्न. भोवतालचं घर गरम केल्यानेही सुटतो, पण स्प्रे मारलेल्या, तेलाने माखलेल्या जागी उघडी ज्योत नको. एवढं करूनही नाही सुटला तर आज थांबा. जुन्या तेलावर गाडी अजून चालते आहे, ती जाणकाराकडे नेता येईल.

७. तेल निथळू द्या, आणि ते वाचा

घमेलं थोडं मागे ठेवून खालचा प्लग काढा. पहिली धार सरळ खाली पडत नाही, लांब उडते. धार बारीक होऊन थेंबांवर आली की १५–२० मिनिटं तसंच सोडा.

तोवर प्लग हातात घ्या. आतल्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा, दाढीसारखा उभा राहिलेला लगदा दिसेल. दोन बोटांत चोळा. काजळासारखा गुळगुळीत लागला तर ती नेहमीची झीज, काळजीचं कारण नाही. कण टोचले, चकचकीत तुकडे किंवा सुईसारख्या पात्या निघाल्या तर बेअरिंग किंवा दात सुटायला लागले आहेत. दाताचा ओळखू येणारा तुकडा निघाला तर नवं तेल भरून गाडी वापरत राहू नका, झाकण उघडायची वेळ आली आहे.

मग तेल. काळं आणि उग्र म्हणजे नुसतं जुनं. उन्हात धरल्यावर सोनेरी चमक दिसली तर ती पितळेची. गिअरबॉक्समध्ये थोडी चमक सिंक्रोची असते, फार असेल तर रिंगा झिजताहेत. पांढुरकं, दुधाळ, मलमासारखं तेल म्हणजे पाणी शिरलं आहे. पाणी गेलेल्या घरात स्वस्तातलं योग्य श्रेणीचं तेल भरून, थोडं अंतर चालवून, लगेच पुन्हा बदला; पहिल्या बदलात सगळं पाणी निघत नाही. आणि सील किंवा ब्रीदर दुरुस्त केल्याशिवाय हा खर्च वाया जाईल.

किती तेल निघालं तेही मोजा. हे मला फार उशिरा कळलं. माझ्या गिअरबॉक्समधून ठरलेल्या मापापेक्षा बरंच जास्त निघालं आणि ट्रान्सफर केसमधून तेवढंच कमी. दोघांच्या मधलं सील गेलं होतं आणि तेल एकातून दुसऱ्यात जात होतं. बाहेर एक थेंब गळत नव्हता. मोजलं नसतं तर कळलंच नसतं.

पुढच्या सॉलिड ॲक्सलच्या गाडीत चाकाजवळच्या नकलच्या गोळ्यावरून पातळ, ग्रीसमिश्रित तेल ओघळताना दिसलं तर आतलं ॲक्सल सील गेलं आहे. डिफरन्शिअलचं तेल तिथे जाऊन ग्रीस धुऊन काढतं.

८. भरणं

खालचा प्लग पुसून, नवं वॉशर घालून, आधी हाताने आटे धरवा. दोन-तीन फेरे बोटांनी सहज फिरले पाहिजेत. मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकं. गिअरबॉक्सचं घर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं असतं. आटे तिथे सहज जातात.

नळी भरायच्या भोकात घालून हळूहळू पंप करा. तेल भोकाच्या खालच्या कडेवरून ओघळायला लागलं की थांबा, पाच मिनिटं खाली बसू द्या, पुन्हा थोडं घाला. जादा तेल निथळून गेलं की प्लग लावा. काही घरांची पातळी कडेपेक्षा थोडी खाली सांगितलेली असते, ते तपासा.

कमी भरलं तर डिफरन्शिअलमध्ये पहिला फटका पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला बसतो, कारण क्राउन व्हीलने उडवलेल्या तेलावरच ते जगतं. जास्त भरलं तर तेल फेसाळतं, सीलमधून ॲक्सलच्या टोकाला येतं आणि ब्रेकच्या लायनरवर जातं.

झाकणवाल्या ॲक्सलवर बोल्ट खालून सैल करत या आणि वरचे दोन अर्धवट ठेवा. झाकण खालून उचकटलं की तेल घमेल्यात पडतं, अंगावर नाही. जुना गॅस्केट खरवडताना कण आत पडू देऊ नका.

९. ऑटोमॅटिक असेल तर

इथे प्लग काढून सगळं तेल येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणारा भाग) बरंच राहतं, त्यामुळे एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं बदलतं. जितकं निघालं तितकंच मोजून घाला, काही दिवस गाडी चालवा, पुन्हा तसंच करा. दोन-तीन फेऱ्यांत तेल बऱ्यापैकी नवं होतं. खूप चाललेल्या, कधीच तेल न बदललेल्या गिअरबॉक्सवर मशीनने जोरात फ्लश करण्यापेक्षा मला हीच पद्धत योग्य वाटते.

तळाचं पॅन उघडलंत तर गाळणी बदला आणि आतले चुंबक पुसा. पॅनचे बोल्ट बारीक असतात, जोर करू नका. पातळी बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिन चालू, तेल गरम आणि लिव्हर पी वर असताना बघतात; त्याआधी लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवून आणा. लाल तेल चांगलं. तपकिरी आणि जळका वास म्हणजे आतले क्लच जळले आहेत.

१०. काम झाल्यावर

दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. मातीच्या किंवा सैल रस्त्यावर फोर-व्हील आणि लो रेंजही टाकून बघा. कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम फोर-व्हील टाकू नका, पुढची-मागची चाकं वळणावर वेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण आपण आत्ताच तेल घातलेल्या गिअरवर येतो. परत आल्यावर प्रत्येक प्लगखाली कोरडी चिंधी फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून पुन्हा बघा.

खाली आहातच तर प्रॉपेलर शाफ्टच्या निपलांना ग्रीसही मारून घ्या.

जुनं तेल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या. माती, गटार किंवा झाडाचं आळं, कुठेही ओतू नका. एटीएफ आणि गिअर ऑइल बाकी कशात मिसळू नका, विशेषतः कूलंट किंवा ब्रेक ऑइलमध्ये. मिसळलेलं तेल ते घेत नाहीत.

पुढचा बदल साधारण ४०,००० किलोमीटरला धरा, मॅन्युअल कमी म्हणत असेल तर कमी. पण हबच्या वर पाण्यातून गाडी गेली असेल तर किलोमीटर मोजू नका. गाडी रात्रभर उभी राहू द्या म्हणजे पाणी तळाशी बसेल, मग सकाळी दोन्ही डिफरन्शिअलचे खालचे प्लग जरासे सैल करून पहिले काही थेंब काचेच्या बाटलीत घ्या. आधी पाणी आलं, किंवा तेल दुधाळ दिसलं, तर त्याच दिवशी बदला. थेंब स्वच्छ असतील तर प्लग घट्ट करा, आणि तारीख, किलोमीटर, कोणत्या घरात कोणतं तेल किती गेलं हे सगळं वहीत लिहून वही गाडीच्याच कप्प्यात ठेवा.